शेवटच्या दालनातला माळढोक

सोलापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. महिपतीमामा,

हे पत्र मामी वाचून दाखवणार, म्हणजे माझा नमस्कार दोघांनाही एकदमच पोचला. फोन न करता कागद का खरडतेय, तर तुमच्या वस्तीवर रेंज म्हणजे नशिबाचा भाग. मागच्या वेळी आपण दोघं नुसतं ‘ऐकू येतंय का’ एवढंच बोललो आणि फोन कटला.

दुसरं कारण कामाचं आहे. आर्किटेक्चरचं माझं शेवटचं वर्ष, त्यात एक मोठा प्रकल्प करावा लागतो. बाकीच्यांनी हॉस्पिटलं आणि बसस्टँडं घेतलीत. मी माळढोकाचं संग्रहालय घेतलंय. ते सगळं कॉम्प्युटरवर असणार, घरबसल्या बघायचं. त्यात फोटो नाहीत आणि पेंढा भरलेले पक्षीही नाहीत. कागदाला घड्या घालून केलेले माळढोक असतील, आणि एकेक पक्षी म्हणजे कुणीतरी सांगितलेली एकेक आठवण. पक्ष्याला बोट लावलं की आठवण उघडेल. आमच्या नंदीश सरांना कल्पना आवडली, पण त्यांनी बजावलंय की आठवणी खऱ्या माणसांच्या आण, मनाच्या लिहू नकोस.

खरा माणूस म्हटल्यावर मला तुम्हीच आठवलात. वनखात्याच्या रोजंदारीवर तुम्ही जन्मभर तो माळ राखलात. आठवेल तसं सांगा, मामी लिहून घेईल.

आणि आई विचारतेय, बार्शीला डोळ्याच्या ऑपरेशनला जाताय ना? मोतीबिंदू पार पिकलाय, आता टाळाटाळ केली तर डोळा हातचा जाईल असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय. तारीख चुकवू नका.

तुमची,
सृष्टी

•

जेऊर,
२१ नोव्हेंबर

चि. सृष्टीस मामाचा आशीर्वाद.

तुजी मामी वाचती आन् मी ऐकतो. दोनदा वाचाय लावलं तरी डोक्यात काय शिरलं न्हाय. संग्रहालय हाय, पर त्याला भिंत न्हाय, दार न्हाय, म्हंजे पाखरं बसणार कुटं? आन् कागदाचीच करायची व्हती तर मला कशाला इचारतीस? माळढोक लई थोर पक्षी. मान वर करून उभा ऱ्हायला की लांबून वाटतं कुणी माणूसच उभा हाय.

राखणीचं म्हणशील तर आमच्या कामाला एकच नेम व्हता. जवळ जायाचं न्हाय. लांब हिवराच्या झाडाखाली बसायचं, कुत्री आली तर हाकलायची, शेरडं आली तर वळवायची. लई लाजरं पाखरू. माणूस जवळ आला की उठतं, आन् एकदा उठलं की तो माळच सोडतं. म्हणून मोठं साहेब आलं तरी मी त्यास्नी पुढं जाऊ द्यायचो न्हाय. एकदा तर एका साहेबाची कॉलर धरली व्हती. (कॉलर न्हवती धरली, हात जोडलं व्हतं. लिवणारी मी हाय म्हणून खरं सांगती. मामी.)

माजी राखणीची काठी अजून हाय. संग्रहालयात खुंटी आसंल तर पाठवतो, टांगा.

डोळ्याचं म्हणशील तर जातो म्हणलोय, म्हंजे जातोच.

महिपती

(सृष्टी, ताटातली भाकरी चाचपून घेत्यात. माणूस वळखत्यात त्ये आवाजावरनं. बारा डिसेंबरला बोलावलंय, मी घेऊन जाती. तू घोर करू नगंस. मामी.)

•

सोलापूर,
२९ नोव्हेंबर

ती. मामा,

काठी पाठवू नका, खुंटी नाही. भिंती दिसतात, पण त्या खऱ्या नाहीत. सांगताना माझाच गोंधळ होतो, तर तुमचा होणारच.

असं समजा की बघणारा एकापाठोपाठ एक दालनात शिरतो. पहिल्यात कागदाचे माळढोक गच्च भरलेले. पुढच्यात थोडे कमी, त्याच्या पुढच्यात आणखी कमी. तुमची हिवराची आणि साहेबाची आठवण मी मधल्या दालनात ठेवलीय, कॉलरसकट. शेवटचं दालन रिकामं. नुसतं वाळलेलं गवत आणि वाऱ्याचा आवाज. माणूस तिथे थांबेल, पक्षी शोधेल, आणि मग त्याला कळेल. सर म्हणाले, हे रिकामं दालन म्हणजेच तुझा प्रकल्प. तुमच्या माळावर कितीतरी वर्षांत एकही दिसला नाही असं तुम्हीच मागे म्हणाला होतात, त्यावरून सुचलं.

सोबत घड्यांचं चित्र पाठवतेय, चौकोनी कागदापासून माळढोकापर्यंत. पत्रावळ्या लावून मामीचा हात बसलेला आहे, तिला सहज जमेल. कागद जेवढा मोठा, तेवढा पक्षी मोठा.

बारा तारीख लक्षात आहे ना?

सृष्टी

•

जेऊर,
६ डिसेंबर

सृष्टीबाळ,

हे पत्र माजं एकटीचं. तुजं मामा गोठ्यात हायत.

तू रिकाम्या खोलीचं लिवलंस ते मी जसंच्या तसं वाचलं. वाचलं तवा त्ये जेवत व्हतं. अर्धी भाकरी तशीच ठेवून उठलं. तवापास्नं भिंतीला टेकून बसत्यात. चा दिला तर गार व्हतोय. काल एवढंच म्हणलं, “मंग मी जन्मभर राखलं काय? रिकामी खोली?”

तुजं लिवणं शिकल्या माणसाचं, त्याला मी नावं ठेवत न्हाय. पर मला वाचताना कळलं न्हाय कुटं थांबावं. आता तुजं पत्र आदी मी मनात वाचणार, मंग मोठ्यानं.

बार्शीला येतो म्हणत्यात, पर म्हणत्यात की नव्या डोळ्यानं बगायचं तरी काय हाय.

मामी

•

जेऊर,
११ डिसेंबर

चि. सृष्टीस आशीर्वाद.

माळढोक आलाय. मादी हाय.

काल सकाळी काठी टेकत माळावर गेलो. तुज्या मामीनंच धाडलं, म्हणली, घरात बसून किती बसशीला, जरा फिरून या. हिवराखाली टेकलो आन् जुन्या पाणवठ्याकडं बगितलं तर कुसळाच्या गवतात उभी. पाठ भुरी, मान पांढरी. मला डोळ्यानं धुकं दिसतंय, पर ही मान मी जन्मभर बगितलीया. हललो न्हाय. श्वास बी हळू घेतला. आज परत गेलो तर हायच, पर कालच्यापेक्षा जरा अलीकडं. म्हंजे चरती हाय.

हे सांगताना लिवणारीचा हात सारखा थांबतोय. तिला बी भरून आलंय.

आता नीट ऐक. बार्शीचं मी रद्द केलंय. आपरेशन झाल्यावर महिनाभर धुळीत जायाचं न्हाय म्हणत्यात. मंग तिला राखायचं कुणी? वनखात्यात माज्या वळखीचं आता कुणी ऱ्हायलं न्हाय, आन् माळावर कुत्री लई झाल्यात. डोळा गेला तर गेला. मला भुरं आन् पांढरं कळतंय, तेवढं बास हाय.

तुज्या त्या रिकाम्या खोलीत तिला बशीव.

महिपती

•

सोलापूर,
१७ डिसेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून तीनदा वाचलं. आनंद झाला की राग आला, मला अजून सांगता येत नाही. माळढोक आला म्हणून आनंद, आणि डोळा गेला तर गेला म्हणताय म्हणून राग. आई तर रडायलाच लागली.

पत्रात मामीने या वेळी कंसात काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे तुम्ही सांगताय ते खरं असणार असं मी धरून चाललेय. सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, फोटो आण. फोटो मिळाला तर वनखात्याला कळवता येईल, ते राखण करतील आणि तुम्ही मोकळे व्हाल. मी रविवारी कॅमेरा घेऊन येतेय.

शेवटच्या दालनात मी एक पक्षी बसवला. मग काढला. मग परत बसवला. एक पक्षी असला तर त्या खोलीचा अर्थच बदलतो, आणि नेमका काय होतो ते मला समजत नाहीये.

डॉक्टरांकडून नवी तारीख घ्या. हात जोडून सांगतेय.

सृष्टी

•

जेऊर,
१९ डिसेंबर

सृष्टी,

रविवारी येऊ नगंस. कॅमेरा तर आणूच नगंस. तुजं पत्र मी त्यास्नी अर्धंच वाचून दाखवलं. फोटो, सर, वनखातं सगळं गाळलं.

पोरी, तो माळढोक मी केलाय.

तू धाडलेल्या चित्रावरनं केला. घराचं पत्रं बसवलं तवाचं सिमेंटचं पोतं व्हतं, त्याचा कागद झाडला आन् घड्या घातल्या. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. मानंला कॅलेंडराची पाठची बाजू लावली. पोटात तुरीची वाळकी काटकी, तुरकाटी, खोचली आन् पहाटं जाऊन कुसळात उभा केला. आन् ह्यांना फिराय धाडलं. रोज पहाटं जाऊन जरा हिकडं तिकडं करती, कारण पाखरू एका जागी ऱ्हात न्हाय. नेमामुळं त्ये जवळ जात न्हायत, म्हणून निभलं.

मला वाटलं चार दिस खूश ऱ्हातील, जेवतील, मंग गेला उडून म्हणून सांगीन. आन् जेवत्यात बी. परवा चुलीपाशी बसून माळावरच्या जुन्या गोष्टी सांगत व्हतं, लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा. याच्या आदी मी कदी त्यांच्या माळावर गेलीच न्हवती. काटं सोडून तिथं काय हाय, म्हणायची.

पर बार्शीचं आसं व्हईल हे माज्या ध्यानात आलं न्हाय. काल मी म्हणलं, समजा उडून गेली तर? तर म्हणत्यात, परत येईल, मी वाट बगीन, जागा सोडणार न्हाय. आता खरं सांगितलं तर माणूस खचंल. न्हाय सांगितलं तर डोळा जाईल. डॉक्टरनी दहा जानेवारी दिलीया आन् म्हणलं ही शेवटची. मला काय सुचत न्हाय. तू शिकलेली हायस, तू सांग.

मामी

•

सोलापूर,
२७ डिसेंबर

ती. मामा,

मी ठरवलंय. तुम्ही आणि मामी दहा तारखेला बार्शीला जा. महिनाभर तिथेच माझ्या आत्यांकडे राहा. तेवढे दिवस माळ मी राखते. कॉलेजला सुट्टी टाकलीय. तुमचा नेम मी पाळीन, हिवराच्या पुढे पाऊल टाकणार नाही, कुत्री आली तर हाकलीन. काठी मात्र मला द्या, संग्रहालयापेक्षा तिथे तिचा उपयोग आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तुमचा माझ्यावर विश्वास नाही असं मी समजेन.

मामी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस.

मी शिकलेली आहे म्हणून मलाच काहीतरी कळतंय, असं समजू नकोस. कागदाचा पक्षी कॉम्प्युटरवर खऱ्या पक्ष्याच्या जागी बसवते ती मी, आणि माळावर बसवणारी तू. तुझा जास्त पटला, एवढाच काय तो फरक. मला तुझ्यावर रागावता आलं नाही. सरांना मी सांगितलं की फोटो मिळणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं, तर मी विषय बदलला.

तुम्ही बार्शीत असताना तो काढून टाकू का? उडाला म्हणून सांगता येईल. ते परत आल्यावर त्यांना लख्ख दिसणार आहे, हे तुझ्या लक्षात आलंय ना?

सृष्टी

•

जेऊर, वस्तीवरून,
१४ जानेवारी २०२५

ती. मामा आणि मामी,

ऑपरेशन चांगलं झाल्याचं आईने फोनवर सांगितलं. तो कॉल ऐकायला मी गोठ्याच्या पत्र्यावर चढले होते. इथलं सगळं ठीक आहे. पक्षी आहे. शेरडं आली होती, वळवली.

मामी, पुढचं तुझ्यापुरतं.

निघताना तू काढून टाक म्हणालीस, म्हणून परवा सकाळी गेले. हिवर ओलांडला आणि काय झालं कुणास ठाऊक, मी वाकून चालायला लागले. पाय हळू टाकायला लागले. समोर सिमेंटच्या पोत्याचा कागद आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी. एक कुत्रं मागून आलं, त्याच्यावर मी काठी घेऊन धावले आणि इतकी ओरडले की घसाच बसला. मग तिथेच मातीत बसून हसले, आणि नंतर रडूही आलं.

तुझा पक्षी मी काढला नाही. मला नाही जमलं. तू आल्यावर तूच काय ते कर.

सृष्टी

•

जेऊर,
२० फेब्रुवारी

सृष्टीबाळ,

हे पत्र मी शेजारच्या सिद्धेश्वरीकडं बसून लिवतीया, कारण आता घरात वाचणारा माणूस वाढलाय. डोळा झकास झालाय. तांदळातला खडा काढून माज्या हातावर ठेवत्यात. भिंतीवरच्या फोटोला धूळ बसलीया म्हणून मलाच बोलत्यात.

पर मी लई मोठ्या कोड्यात पडलीया. महिना झाल्यावर त्ये माळावर गेलं. मी पक्षी काढायला पहाटंच निघाली व्हती, पर गुडघा धरला आन् मला उशीर झाला. आता संपलं म्हणून मी चुलीपाशी बसून ऱ्हायली. त्ये आलं, पाय धुतलं, जेवाय बसलं. मी भीत भीत इचारलं, हाय का? तर म्हणत्यात, “हाय की. जाईल कुटं?” आन् दोन भाकरी खाल्ल्या.

ह्यो कसला डोळा केलाय डॉक्टरनी? खडा दिसतोय आन् पोतं दिसत न्हाय?

आन् दुसरं ऐक. मी पक्षी बांधाच्या कडंला ठेवला व्हता. दुसऱ्या दिशी पहाटं गेली तर पाणवठ्याला. मी हलवला न्हवता. तिसऱ्या दिशी आणखी तिसरीकडं. वाऱ्यानं म्हणावं तर वारा पाडतोय, उभा करत न्हाय. मला तर वाटाय लागलंय, खरा कुणी येऊन तर ऱ्हात न्हाय त्याच्याजवळ? हसू नगंस. काल मी लांबच थांबली आन् जवळ गेलीच न्हाय.

उत्तर धाडू नगंस, त्यांच्या हातात पडंल. आलीस की बोलू.

मामी

•

जेऊर,
२१ फेब्रुवारी

चि. सृष्टीस मामाचा आशीर्वाद.

अक्षर वाकडंतिकडं हाय, सांभाळून घे. लई वरसांनी माज्या हातानं लिवतोय. हे पत्र मी स्वतः गावात जाऊन पोस्टात टाकणार हाय. तुज्या मामीला यातलं काय ठाऊक न्हाय आन् ठाऊक व्हता कामा नये.

महिना झाल्यावर पयल्या दिशी हिवराखाली बसलो. ऊन वर आलं आन् बगितलं तर माळढोकाच्या शेपटावर सिमेंटवाल्याची उलटी अक्षरं. पयला तर लई राग आला. मला आंधळ्याला येडं बनवलं म्हणून काठी घेऊन उठलो. तेवढ्यात वारा सुटला आन् पाखरू आडवं झालं. जवळ गेलो. तिथल्या मातीत तुज्या मामीच्या पायाचा माग. एक पाय ती ओढून टाकती, मला वळखू येतोय. नवा न् जुना, एकावर एक, सारा पाणवठा तुडवलेला. त्या गुडघ्यानं ही बाई रोज पहाटं काट्यातनं आली माज्यासाटी. मी तिथंच खाली बसलो.

मंग पाखरू उभं केलं. तुरकाटी वाकली व्हती, ती सरळ केली. खरं पाखरू ऱ्हातं तसं जरा पल्याड, वाऱ्याकडं तोंड करून ठेवलं. तिला ते येत न्हवतं, ती आपली कशीबी ठेवायची. तवापास्नं ती पहाटं जाती आन् मी दुपारचा. घरी आली की माज्या तोंडाकडं टकामका बगती. चार दिसामागं भाकरी थापता थापता तिनं इचारलं, मादी असली की जोडीला नर बी येतो व्हय हो? मी म्हणलं, येतो की. आता ती रोज सरपणाच्या निमित्तानं माळावर जाऊन येती, पाखराचं मला सांगती आन् मी ऐकतो. लग्न झाल्यापास्नं आमी दोघं एवढं कदी बोललो न्हवतो.

तुज्या शेवटच्या खोलीत काय बसवायचं ते मला इचारू नगंस. मला ते संग्रहालय अजून कळलं न्हाय.

माजं एक काम कर. पिल्लाची घडी कशी घालायची ते मोठ्या चित्रात काढून पाठव, आन् पाकिटावर माजं एकट्याचंच नाव घाल. कागद मी आणून ठेवलाय. लवकर धाड. पहाटं ती जाईल तवा तिला दोन दिसली पायजेत.

महिपती